काटोलच्या पांदणीसाठी सायकल

आमच्या घरात मी कुठंही जायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "कोण सोडून देईन?" कशाला चाललीस, किती दिवस चाललीस, ते सगळं नंतर. आमच्याकडे बायका कुठं जात नाहीत, त्यांना सोडून देतात. बाजारात सोडून देतात, दवाखान्यात सोडून देतात, लग्नाच्या हॉलवर सोडून देतात आणि मग घ्यायला येतात. हे सगळं प्रेमानं करतात, ते आधीच सांगून टाकते, नाहीतर माझा मुलगा हे वाचून म्हणेल की आई मले शिव्या देऊन राहिली. देत नाही. पण मी चौसष्ट वर्षांची बाई आहे, भाजीची पिशवी नाही.

तर ताईची गोष्ट. ताई माझी मोठी बहीण, सात वर्षांनी मोठी. काटोलच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की तिचं गाव. भाऊजी गेल्यापासून एकटीच राहते. संत्र्याची बाग आहे. मजूर लावते, पण कोणत्या झाडाला काय झालं ते स्वतः पाहते. मी राहते नंदनवनला, नागपूरच्या या टोकाला, आणि ती त्या टोकाच्याही पलीकडे. एसटी आहे, नाही असं नाही. एसटी फाट्यावर सोडते. फाट्यापासून आत सहा किलोमीटर, आधी मुरमाचा रस्ता आणि मग पांदण, म्हणजे दोन शेतांच्या मधली बैलबंडीची वाट. ऑटो नाही, काही नाही. माझे गुडघे सहा किलोमीटर चालण्याचे राहिले नाहीत. म्हणजे फाट्यावर उतरलं तरी प्रश्न तोच, आत कोण सोडून देईन?

मागच्या साली दिवाळीच्या अगोदर ताईला ताप आला. साधा नाही, अंग मोडून टाकणारा. शेजारच्या बाईनं फोन केला तेव्हा तिसरा दिवस होता. मी मुलाला म्हटलं, चल. मुलगा हिंगण्याला कारखान्यात आहे, शिफ्टची नोकरी. म्हणाला, "आई, रविवारी जाऊ." रविवारी त्याला जादा शिफ्ट लागली. मी ताईला फोन केला तर ती म्हणाली, "येऊ नको वं, बरी आहो मी, कशाले उगाच धावपळ." पुढच्या रविवारी गेलो. ताई उठून बसली होती. बसली काय, आमच्यासाठी भाकरी थापत होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या अंगात मीच शिवलेला ब्लाउज होता. चाळीस वर्षं मी ब्लाउज शिवले, ताईचं माप मला झोपेत विचारलं तरी सांगेन. दोन्ही बाजूंनी कापड लोंबत होतं. ती किती उतरली ते मला डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती.

परतताना गाडीत मी डोळे मिटून बसले. मुलाला वाटलं मी थकले. मी ठरवत होते. पुढच्या वेळी ताईला बरं नसलं तर मी त्याच दिवशी जाणार. रविवारची वाट पाहणार नाही, कोणाला विचारणार नाही.

सायकल मला येत होती. लहानपणी भावाच्या काळ्या सायकलवर शिकले, कैची मारून, म्हणजे दांड्याखालून एक पाय पलीकडे घालून, तिरकी लटकत. लग्नानंतर ब्लाउज पोचवायला लेडीज सायकल होती, तिच्यावर मी सक्करदऱ्यापासून वर्धमाननगरपर्यंत गिऱ्हाइकं केली. मग मुलगा नोकरीला लागला आणि म्हणाला, "आई, आता हे शोभत नाही." मी सायकल देऊन टाकली. ती माझी चूक. शोभत नाही म्हणणाऱ्याला तेव्हाच विचारायला पाहिजे होतं की कोणाला शोभत नाही बापा, मला की तुला?

तर एका संध्याकाळी जेवताना मी सांगून टाकलं. "मी सायकल घेऊन राहिली. ताईकडे जायले."

मुलानं घास ताटात ठेवला. "काटोलले? सायकलनं?"

"काटोलच्या अलीकडे."

"आई, साठ किलोमीटर आहे ते."

"मोजले मी. पंचावन."

"तुले बीपी आहे!"

"बीपी तुले पाहून होते मले."

सून हसली. मुलानं तिच्याकडे पाहिलं तशी ती पाणी आणायला उठली. परत आली आणि म्हणाली, "आई, हेल्मेट घालाल तर माझं काही म्हणणं नाही." तेव्हापासून ती माझ्या पार्टीची.

मुलानं मग मधला रस्ता काढला. म्हणाला, घ्यायचीच आहे तर बॅटरीवाली घे, चल, मी दाखवतो. रविवारी एका काचेच्या दुकानात नेलं. आत इतका थंडावा की मला शाल आठवली. विकणारा मुलगा टाय लावून उभा. तो माझ्या मुलाला विचारतो, "सर, बेटी के लिए?" मी म्हटलं, "मेरे लिए." तो पुन्हा मुलाकडे पाहूनच म्हणाला, "तो सर, ये देखिए, लेडीज मॉडेल." गुलाबी सायकल. पुढं टोपली, टोपलीवर फुलं रंगवलेली.

मी विचारलं, "ही मुरमावर चालेल का?"

"मॅडम, मुरूम मतलब?"

आता याला मुरूम समजावून सांगू? नागपूरच्या पोराला? पण सांगितला. लालसर बारीक गोटे, वर धूळ, चाक सरकतं. मग त्यानं दुसरी दाखवली, शर्यतीची. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं, टायर माझ्या अंगठ्याएवढे. तिच्यावर बसायचं म्हणजे रस्त्याला नमस्कार करत जायचं. मग तिसरी आणली, डोंगरावरची. टायर टरबुजासारखे, पुढं शॉकअप, वजन इतकं की मला स्टँडवरून हलेना. "और कॅरिअर?" मी विचारलं. "मॅडम, इसमें कॅरिअर नहीं लगता." सामान कुठं ठेवायचं? पाठीवर म्हणे. माझ्या पाठीनं चाळीस वर्षं मशीनवर वाकून काढली, आता तिच्यावर सामान लादू?

बॅटरीवालीचंही पाहिलं. चांगली होती, खोटं कशाला बोलू. पण ताईच्या गावची लाईट कधी येते ते शेतकऱ्यालाच माहीत. आणि वाटेत बॅटरी संपली की ते वजन ओढायला कोण येणार? पुन्हा कोणीतरी सोडून द्यायला.

मी घरी येऊन आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेले. पत्र्याचं खोपटं, पाण्याचं घमेलं, छताला लटकलेल्या ट्यूबा. तीस वर्षं माझी लेडीज सायकल त्यानंच जगवली होती. माणूस माझ्याच वयाचा, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलतो आणि कोणाचं ऐकत नाही. माझ्यासारखाच, म्हणून आमचं पटतं आणि भांडणही होतं.

तो म्हणाला, "काकू, पहिले ये बताओ, सायकल टूटेगी तो कहाँ टूटेगी?"

मी म्हटलं, "फाट्याच्या आत. पांदणीत."

"तर मग तिथं दुरुस्त होईन अशी घ्या."

इतक्या साध्या गोष्टीत त्यानं सगळं दुकान मोडीत काढलं. लोखंडी फ्रेम घ्यायची, कारण वाकली तर गावातला वेल्डिंगवालाही सरळ करतो. ब्रेक रबराचे, रिमला घासणारे, कारण ती रबरं काटोलच्या बाजारात कुठल्याही दुकानात मिळतात, तबकडीवाल्या ब्रेकचं सामान नागपुरातही शोधावं लागतं. टायर ना बारीक ना जाड, पावणेदोन इंची, मधून सपाट आणि कडेला दात असलेले. डांबरीवर मधला भाग पळतो, मुरमावर कडेचे दात पकडतात. दांडा खाली झुकलेला, म्हणजे पाय वर न उचलता चढता येतं. "हे बायकांसाठी नाही," मिस्त्री म्हणाला, "कॅरिअरवर सामान असलं की मर्दालाही पाय मागून फिरवता येत नाही." मी म्हटलं, मला कारण नको, दांडा झुकलेला पाहिजे.

गिअरवर आमचं वाजलं. तो म्हणे, मागं सहा आहेत, पुढं एक पुरे. मी म्हटलं, पुढंही तीन पाहिजेत. चढावर मला सगळ्यात हलका गिअर लागेल, माणूस चालतो त्याच्यापेक्षा थोडी जोरात सायकल गेली तरी चालेल, पण उतरायचं नाही. तो म्हणाला, "इतकी हळू गेली तर पडाल." मी म्हटलं, "मशीनवर काज करताना मी याच्यापेक्षा हळू पाय चालवला आहे गा." त्यानं कपाळावर हात मारला आणि पुढं तीन लावले.

सीटवर तर दोन दिवस भांडण चाललं. आपल्याकडे सायकल घेतली की सीट इतकी खाली करतात की दोन्ही पाय पूर्ण टेकले पाहिजेत. बाईची असली तर अजून खाली. मिस्त्रीनं तशीच केली. मी एक चक्कर मारून आले आणि गुडघे ठणकायला लागले. पायाची मशीन चालवणाऱ्या बाईला एक गोष्ट कळते, स्टूल ठेंगणं असलं की संध्याकाळी गुडघा बोलतो. मी सीट वर करायला लावली. तो म्हणाला, पाय टेकणार नाही. मी म्हटलं, थांबले की सीटवरून पुढं उतरेन, बसून थोडीच राहणार आहे. चवडा टेकला की पुरे. त्यानं वर केली, पण बोटभरच. मी पाना घेऊन त्याच्यासमोर अजून तीन बोटं वर केली. तो बिडी पेटवून दुसरीकडे पाहत बसला.

पिशव्या मी स्वतः शिवल्या. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या, चाकात न जाणाऱ्या. बाजारात मिळतात, पण मला शिवणकाम येत असताना विकत घेणं म्हणजे लाज. कापड कोणतं? पाऊस, धूळ, काटे, सगळं सोसणारं पाहिजे. चौकात कोणाच्यातरी वाढदिवसाचं भलं मोठं फ्लेक्स लागलं होतं, आठवडा झाला की ते नाल्यात जातं. मी कार्यकर्त्यांना विचारून घेतलं. ते म्हणाले, घ्या ना आजी, पण साहेबांचा फोटो खाली ठेवू नका. मी खाली नाही ठेवला, आत ठेवला. बाहेरून पांढऱ्या पिशव्या, आतून एका पिशवीत साहेबांची मिशी आणि दुसरीत हार्दिक शुभेच्छा. जाड सुई, नायलॉनचा दोरा, दुहेरी शिवण, आणि कॅरिअरला अडकवायला जुन्या ट्यूबचे पट्टे. त्या पिशव्यांत दहा किलो संत्री राहतात. मी भरून पाहिलीत.

मडगार्डचा हट्ट मात्र माझा. मिस्त्री म्हणाला, काकू, मडगार्ड कशाला, पावसाळा नाही. मी म्हटलं, साडी सोडून सलवार घालते आहे तेवढं पुरे, आता ती चिखलानं भरून ताईच्या दारात जाणार नाही. आणि टायरला अगदी लागून बसव, हलायला नको, खडखड नको. त्यानं बसवले. टायर आणि मडगार्डच्या मधून बोटही जाईना इतके घट्ट. मला फार आवडले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण यात मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

मग दोन महिने सराव. पहाटे उठून उमरेड रोडला, पुढं अजून लांब. पहिल्या आठवड्यात रुंद गादीची सीट होती, स्प्रिंगवाली, सगळे म्हणाले बायकांना हीच बरी. वीस किलोमीटरला मांड्या सोलून निघाल्या. अरुंद घेतली, तिच्यावर आठ दिवसांत अंग बसलं. एकदा पडले, वाळूवर पुढचा ब्रेक दाबला म्हणून. कोपर फुटलं. घरी मुलाला सांगितलं भांड्याचा रॅक लागला. सुनेला खरं सांगितलं.

शेजारणींचं विचारू नका. एक म्हणाली, "काहून वं, पोरगा पेट्रोल भरत नाही का?" मी म्हटलं, "भरते, पण मी पेट्रोलवर चालत नाही." दुसरी म्हणाली, या वयात देवाचं नाव घ्यावं. म्हटलं घेते, चढावर तर मोठ्यानं घेते.

एक दिवस मुलगा डबा घरीच विसरला. नंदनवन ते हिंगणा, म्हणजे सगळं नागपूर ओलांडायचं. मी पिशवीत डबा घातला, दुसऱ्या पिशवीत वजनासाठी चार विटा, आणि निघाले. कारखान्याच्या फाटकावर पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. मोटरसायकली लावून माणसं उभी. चौकीदारानं विचारलं, कोणाची आई? मी सांगितलं. आत निरोप गेला. मुलगा धावत आला, त्याच्या मागे सात-आठ जण तमाशा पाहायला.

"आई, तू इथं? सायकलवर?"

"डबा घे. वांग्याची भाजी आहे, सांडली नाही."

"अन् या विटा?"

"त्या परत न्यायच्या आहेत."

त्याचं तोंड लाल झालं. हळूच म्हणाला, "थांब, मी सुट्टी टाकतो, तुले घरी सोडून देतो."

मी म्हटलं, "कशानं? तुले तर कंपनीची बस सोडून देते."

मागच्या पोरांनी जी शिट्टी वाजवली! मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मागं लावायचा लाल दिवा घेऊन आला आणि न बोलता माझ्या सायकलला लावून गेला.

जानेवारीत ताईचा फोन आला. आवाज बसलेला. "काही नाही वं, सर्दी आहे. दोन दिवस झाले." मी म्हटलं, उद्या येते. ती म्हणाली, उद्या तर बुधवार आहे. बुधवारी कोणी कुठं जात नाही, तिलाही तेच माहीत.

सहाला निघाले. सुनेनं दारात बाटली भरून दिली. मुलगा बाल्कनीत उभा होता, म्हणाला, "दर तासाले फोन कर." मी म्हटलं, दर चहाले करीन. शहर जागं व्हायच्या आत काटोल नाका गाठला. हवा थंड, बोटं आखडलेली. फेटरीच्या पुढं ट्रक वाढले, मी कडेनं, दिवा लावून. कळमेश्वरला तर्री-पोहे खाल्ले. हॉटेलवाला म्हणाला, काकू, कुठून? नंदनवनहून म्हटल्यावर त्यानं पोह्यांवर अजून एक पळी तर्री ओतली. पुढं चढ लागले. माझा सगळ्यात हलका गिअर टाकला आणि चालले, एका मेंढपाळाच्या बरोबरीनं. तो कळपासोबत पायी, मी सायकलवर, दोघं बोलत गेलो अर्धा किलोमीटर. त्याला वाटलं मी त्याच्यासाठी हळू चालले. मी वाटू दिलं.

फाट्यावर वळले तर मुरूम. मिस्त्रीनं जाताना हवा टाइट भरून दिली होती, दगडासारखी, कारण नागपुरात हवा म्हणजे टाइटच. त्या हवेवर मुरमाचा प्रत्येक गोटा माझ्या दातापर्यंत आला. मी थांबले, वॉल्व्ह दाबून फुस्स करून हवा सोडली, टायर अंगठ्यानं जरा दबेल इतकी. लगेच फरक. सायकल उडायची थांबली, चालायला लागली. हे मला कोणी शिकवलं नाही. कापड ओढून शिवलं की चुण्या पडतात, थोडं सैल सोडलं की बसतं, तसंच मला ते वाटलं.

आणि मग पांदण. कोणाच्यातरी संत्र्याच्या बागेचं पाणी फुटून वाटेत पसरलं होतं. शंभर-दीडशे पावलांचा तुकडा, काळी माती, वरून चकचकीत. मी म्हटलं, जाऊ अशीच. दहा पावलं गेले आणि सायकल थांबली. पायडल मारते तर हालेना. उतरले. काळी माती टायरला चिकटली, टायरवरून मडगार्डमध्ये शिरली आणि तिथं ठासून बसली. बोटही जाणार नाही इतकी जागा मीच ठेवली होती ना! चाकं दोन्ही जाम. आता ढकलूही शकत नाही, कारण चाक फिरतच नाही.

मला इतकी शरम वाटली. कोणी पाहत नव्हतं तरी. अगं, मी याच मातीतली. लहानपणी बंडीचं चाक मातीनं भरलं की बाबा काठीनं खरवडायचे ते पाहतच मोठी झाले. पण नंदनवनच्या सिमेंटवर चाळीस वर्षं राहिले आणि काळी माती चिकटते एवढंही विसरले. सलवारीवर डाग नको म्हणून! आधी काडीनं खरवडलं. एक बोट काढलं की दोन बोटं पुन्हा भरे.

मागून मोटरसायकल आली. तिशीतला माणूस, मागं फवाऱ्याची टाकी बांधलेली. थांबला, पाहिलं. "काकू, कोणाकडे जाऊन राहिल्या?" मी ताईचं घर सांगितलं, पिंपळाजवळचं. "अरे, बसा मांगं. टाकी इथं ठेवतो. तुमाले सोडून देतो, सायकल मंग आणून देईन."

ऊन चढलं होतं, पाय घोट्यापर्यंत चिखलात होते आणि ताईचं घर दोन किलोमीटरवर. खरं सांगते, एक क्षण मी त्याच्या सीटकडे पाहिलं.

मग मी म्हटलं, "सोडून देऊ नको गा. धर."

"काय धरू?"

"हँडल धर. मले मडगार्ड काढायचे आहेत."

तो हसला, पण उतरला. पिशवीतून पाना काढला. पुढचा पाच मिनिटांत निघाला. मागचा कॅरिअरखालून, त्याला वेळ लागला. नटावर माती, बोटं निसटत होती. तो म्हणाला, "द्या काकू, मी करतो." मी म्हटलं, तू धरला आहेस तेच काम मोठं आहे. मागचा निघाला तेव्हा माझ्या तोंडातून जी शिवी गेली ती त्यानं ऐकली आणि म्हणाला, "ही आमच्या आजीची शिवी आहे." त्यानं दोन्ही मडगार्ड पिशवीवर आडवे बांधून दिले. मी धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, गवतातून सायकल ढकलत नेली, चाकं मोकळी फिरत होती, माती आपोआप उडत होती आणि सगळी माझ्याच अंगावर येत होती. कंबरेपर्यंत काळी झाले. मागून त्यानं ओरडून विचारलं, "काकू, वापस कशा जाल?" मी ओरडले, "अशीच!"

ताई अंगणात खाटेवर बसली होती, डोक्याला फडकं बांधून. मला पाहून उठली नाही, आधी ओळखलंच नाही. मग म्हणाली, "अवं! कोणं सोडलं तुले?"

"कोणीच नाही."

ती माझ्या मागे वाटेकडे पाहायला लागली. "गाडी मांगं राहिली का?"

"ताई, गाडी नाहीच. मी सायकलनं आली. घरून."

मग तिनं जे सुरू केलं! अक्कल कुठं ठेवली, पोरगं काय मेलं का घरात, चेहरा पाहा कसा माकडासारखा झाला, वाटेत काही झालं असतं तर मले कोण सांगणार होतं? एवढं बोलून खोकला लागला, तशी मी तिला पाणी दिलं. मग न्हाणीत माझ्यासाठी चूल पेटवायला उठत होती, तिला बसवलं आणि मीच पाणी तापवलं. तिची सर्दी खरीच सर्दी होती. साधी. मला हायसं वाटलं आणि थोडा रागही आला, एवढं सगळं सर्दीसाठी!

मग जेवायला बसलो. भाकर मी केली होती, ती कुस्करत होती नुसती. मग म्हणाली, "मागच्या सालच्या तापात मी खाट दारात टाकून घेतली होती."

"काहून?"

"वाट दिसते म्हणून."

मी म्हटलं, "तू तर फोनवर म्हणाली, येऊ नको."

"मंग काय म्हणू वं? ये म्हणू? कोण सोडून देईन तुले, हे काय मले माहीत नाही?"

 इतकी वर्षं मला वाटायचं, हा प्रश्न फक्त आमच्या घरातला आहे, मुलाचा आहे. ताई तापात, एकटी, दारात खाट टाकून पडली होती आणि तिथंही तोच प्रश्न येऊन बसला होता. मला न विचारताच तिनं उत्तर देऊन टाकलं होतं, येऊ नको.

मी म्हटलं, "आता असं म्हणायचं नाही. बरं नसलं की म्हण, ये."

"अन् तू पडली वाटेत?"

"पडली तर उठीन. तू ये म्हण."

 तिनं ताटातली भाकर संपवली.

चौथ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, मुलाचा फोन आला. म्हणाला, "आई, उद्या सुट्टी आहे. येतो घ्यायले. सायकल टपावर बांधू." मी काही म्हणायच्या आत ताईनं फोन ओढून घेतला.

"ऐक रे," ती म्हणाली, "तिले न्यायले येऊ नको. जेवायले ये. मावशी पुरणपोळी करून राहिली."

"पण मावशी, आई परत कशी..."

"जशी आली तशी. तू तुझी गाडी सांभाळ, पांदणीत पाणी आहे."

रविवारी तो आला. गाडी मुरमाच्या टोकालाच ठेवून बूट हातात घेऊन चालत आला, पाय काळे करून. सायकलभोवती एक चक्कर मारली, मडगार्ड कुठं गेले विचारलं, मी सांगितलं. हसला नाही, हे त्याचं चांगलं. पोटभर जेवला, ताईनं दिलेली संत्री घेतली, आणि एकटाच परत गेला. मी आणि ताई त्याला पांदणीपर्यंत सोडून आलो. मी बुधवारी निघाले.